ठासणीच्या बंदुकीची दुरुस्ती : नळी पास, घोडा पास, गज नापास

बंदूक आजोबांची, तोंडाकडून दारू ठासून भरायची. निजामाच्या राज्यात घेतलेली, पुढं वडिलांच्या परवान्यावर आणि आता माझ्या. 2024 च्या मृगात ती दुरुस्त करून घेतली. तेव्हापासून खरीप गेला, तुरी निघाल्या, हरभराही घरात आला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. घोड्याच्या घावानं फुटून ठिणगी देणारी टोपी कुठं बसते, दारूचा बार कसा भरतात, हे ज्याच्या घरात अशी बंदूक आहे त्याला सांगायला नको. ज्याच्या घरात नाही त्यानं नव्यानं या भानगडीत पडूही नये.

आमचं रान किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यात. तिकडं पैनगंगेचं अभयारण्य, इकडं आमचा मका. मध्ये कुंपण कोणाचंच नाही.

लोकसभेच्या आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा केली होती. 26 एप्रिलला आमच्याकडं मतदान, 4 जूनला निकाल, त्यानंतर अर्ज-सह्या होऊन ती हातात आली तेव्हा पेरण्या सुरू. मका पेरलेल्या रात्रीच डुकरं उतरली. पेरलेल्या ओळीत नाक घालून ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाणा न् दाणा उचलतात, पाभर उलटी चालवल्यासारखी. घोडा ओढला, चाप दाबला. टोपी फुटली, बार निघालाच नाही. ठरलेला वेळ नळी मोकळ्या रानाकडं धरून ठेवली, कारण असा अडलेला बार उशिरानं सुटू शकतो. टोपी बदलली, तर आता टोपीच फुटेना. त्याच टोपीवर घोडा परत ओढून सोडला, मग फुटली. डुकरं एवढा वेळ थांबत नसतात.

जिल्ह्याच्या ठिकाणी एक परवानाधारक दुकान आहे, तिथं गेलो. काउंटरवरच्या गड्यानं बंदूक हातात घ्यायच्या आधी सांगितलं, ‘टोप्या जुन्या झाल्यात मालक.’ नव्या टोप्या दिल्या, परवान्यावर नोंद केली, निपल, म्हणजे टोपी जिच्यावर बसते ती बारीक नळी, बदलून देतो म्हणाला, दस्त्याला पॉलिश मारतो म्हणाला आणि बार ठासायच्या काडीबद्दल ‘गज पण खराब झालाय, नवीन टाकतो’ हेही म्हणाला. या शेवटच्या वाक्याकडं पुन्हा येणारच आहे. बिल साडेतीन हजार. बंदूक दिसायला नवरदेवासारखी.

रानात पहिला बार काढला आणि निपलच्या बुडातून धूर माझ्या गालाशी आला. दुसऱ्या बाराला परत तेच. बंदूक गुंडाळून ठेवली आणि एका जुन्या ओळखीच्या माणसानं सांगितलेल्या चाचांचं दुकान गाठलं. गल्लीतलं, पण परवाना भिंतीवर टांगलेला. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि निपल नुसत्या बोटांनी फिरवलं. पान्याची गरजच पडली नाही. आट्यांना पांढरी टेप गुंडाळलेली होती, नळाच्या तोटीला गळती थांबवायला गुंडाळतात ती. ‘ये नल नहीं है भाई, नली है,’ चाचा म्हणाले, आणि टेप चिमट्यानं ओढून माझ्यासमोर ठेवली. जुन्या बंदुकीचे आटे आजच्या मेट्रिक आट्यांशी जुळत नाहीत. पहिल्या दुकानानं बाजारातलं मेट्रिक निपल टेप लावून बसवलं होतं. दारूचा दाब मागून येतो. एखाद्या दिवशी ते निपल डोळ्यात गेलं असतं.

टोपीचा मूळ रोग चाचांनी जुन्या निपलवर दाखवला (तेवढं बरं की ते माझ्या खिशात होतं). वर्षानुवर्षं घोडा आपटून त्याचं तोंड छत्रीसारखं पसरलं होतं. मग टोपी पूर्ण खाली बसत नाही. घोड्याच्या पहिल्या घावात ती फक्त खाली दाबली जाते, फुटते दुसऱ्या घावात. टोप्या जुन्या-नव्या असण्याचा काही संबंध नव्हता. चाचांनी जुने खराब आटे मोठे करून नवे आटे पाडले आणि त्या मापाचं निपल पोलादातून कातून बसवलं. याचे 1,200 घेतले. महाग वाटले. आज वाटत नाहीत.

पण खरं काम निघालं बुडाला. चाचा म्हणाले, नळीचं बूड खोलावं लागेल. मी म्हटलं, चाललंय ते कशाला खोलायचं? हे 2,500 सांगतायत आणि आमच्या आजोबांनी कधी खोललं नव्हतं. दोन दिवस बंदूक तिथंच ठेवून घासाघीस केली. शेवटी 2,200 ला खोललं. आतून जो मळ निघाला तो बघून घासाघीस आपोआप थांबली. काळी दारू जळाली की आत क्षार राहतात, ते हवेतली ओल ओढतात आणि लोखंड खातात. सगळ्यात जास्त बुडाशी, जिथं चिंधी पोचत नाही. निपलपासून बुडाकडं जाणारा बारीक मार्ग अर्ध्याहून जास्त बुजला होता. टोपीची ठिणगी आत पोचायलाच वाट नव्हती. नळीच्या भिंतीत मात्र तडा नव्हता, आणि चाचांनी ते दोनदा बघून मगच बूड परत आवळलं.

घोड्याची अर्धी खाच झिजली होती, म्हणजे अर्ध्यावर ठेवलेला घोडा धक्क्यानं सुटायचा. ती त्यांनी नीट केली, वेगळे पैसे न मागता. दस्त्याची चीर सरसानं आणि पितळी खिळ्यानं बांधली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र चाचांच्या आधी मी सांगितली, आणि तुम्हीही सांगा. नळी घासताना नंबर घासू द्यायचा नाही. पहिल्या दुकानाच्या पॉलिशवाल्यानं पॉलिश पेपर नंबरापर्यंत आणला होता, शेवटचा आकडा आधीच पुसट झालाय. 1959 च्या शस्त्र कायद्यात ओळखीचा नंबर पुसलेलं हत्यार जवळ ठेवणं हाच वेगळा गुन्हा आहे. नूतनीकरणाला गेल्यावर ‘पॉलिशवाल्यानं घासला’ हे सांगून बघा.

पुतण्या पुण्याला असतो. त्याचं म्हणणं, काका, बाहेरच्या देशात आता टोपी मागून सरळ बुडात बसते, वर दुर्बीण असते, तसं करून घ्या. मी त्याला परवाना दाखवला. त्यावर जी बंदूक लिहिलीय तीच माझ्या हातात पाहिजे. नळी आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो. कायद्यात ठासणीच्या बंदुकीला पीकराखणीसाठी म्हणून स्वतंत्र जागा आहे. ती जागा दुर्बिणीपायी कोण घालवणार?

आता गज.

आजोबांचा गज भरीव बांबूचा होता, तेल पिऊन पिऊन तांबूस झालेला. त्यावर दोन खाचा होत्या. गज नळीत सोडला आणि वरची खाच तोंडाशी आली की नळी रिकामी. खालची खाच तोंडाशी आली की बार भरलेला. अंधारात, नुसत्या अंगठ्यानं कळायचं. ठासणीच्या बंदुकीत मागून उघडून बघायची सोय नसते. आत काय आहे ते सांगणारा गजच. आमच्याकडं माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या बंदुकीत भरलेला बार निघाल्याच्या गोष्टी काय कमी आहेत?

हा गज पहिल्या दुकानानं भंगारात टाकला. विचारलंही नाही. त्याजागी दिला फायबरचा, टोकाला पितळेची टोपी, किंमत 450. त्याच्यावर एकही खूण नाही. तो दस्त्याखालच्या कड्यांपेक्षा बारीक, म्हणून नळी जरा खाली झुकवली की सुर्रकन बाहेर. पहिल्या पावसात चिखलात पडला, दुसऱ्यांदा तुरीत पडला तो सकाळी सापडला. चालताना कड्यांमध्ये खडखडतो. डुक्कर डोळ्यानं अधू असेल, कानानं नाही. आणि लांबीला चार बोटं आखूड. बार ठासून झाला की हातात धरायला जेमतेम मूठ उरते, घामेजल्या हातातून सटकतो. फायबरवर माती चिकटते ती नळीच्या तोंडाशी घासते हे वेगळंच. महिनाभर त्याला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून चालवलं. बायको म्हणाली, बंदुकीपेक्षा त्या काडीवरच तुम्ही जास्त बोलता. बोलणारच.

शेवटी पोळ्याच्या सुमारास गावातल्या सुताराकडून लाठीच्या भरीव बांबूचा गज करून घेतला. रेषा सरळ असलेला तुकडा शोधायला वेळ गेला. तिरक्या रेषेचा गज ठासताना मोडला तर तळहातातून आरपार जातो, म्हणून घाई केली नाही. चाचांनी बूड खोललं तेव्हा नळीचं आतलं माप दोरीवर घेऊन ठेवलं होतं, त्यावरून पहिली खाच पाडली. दुसरी बार भरून. 60 रुपये आणि सुताराला चहा.

वापराबद्दल. मी जनावरावर झाडत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकरालाही वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. माझा बार रिकामा, दारू आणि वर चिंधी, नळी आभाळाकडं. श्रावण-भाद्रपदात याचा धाक जबरदस्त होता. एक बार आणि सगळा कळप ओढ्यापार. तेव्हा मी हे लिहिलं असतं तर कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणाऱ्या झटका मशीनवाल्यांना सरळ वेड्यात काढलं असतं. दसऱ्यापर्यंत डुकरं शिकली. आवाज झाला की बांधापर्यंत पळायची, गप्प उभी राहायची, मी माचावर आडवा झालो की परत. वानरं तर आवाजाकडं बघायचीही नाहीत. मग शेजाऱ्यासोबत निम्म्या खर्चात सौर झटका मशीन बसवलं. आता तार पहिली आणि बंदूक तार तुटलेल्या रात्री. एवढ्याच कामासाठी इतके पैसे घातले का, असं घरी विचारलं जातं. त्याचं उत्तर मी अजून शोधतोय.

चिंधीचा एक त्रास कोणी सांगत नाही. ती धुमसत उडते. सोयाबीन कापून गंजी लावलेली असताना वाऱ्याच्या दिशेनं बार काढायचा नाही. आमच्या बांधावरच्या वाळल्या गवतात एकदा ती पडली आणि पाण्याची घागर घेऊन पळावं लागलं. आता नारळाचा काथ्या ओला करून वापरतो, आवाज थोडा बसका होतो, होऊ दे.

नोव्हेंबरात विधानसभा आली आणि बंदूक परत ठाण्यात, नेमकी तूर भरायच्या दिवसांत. यावेळी मात्र जमा करण्याआधी चाचांनी सांगितल्याप्रमाणे केलं होतं. निपल काढलं, कढत पाणी आणि साबणानं नळी धुतली, कोरड्या चिंध्या काळं यायचं थांबेपर्यंत ओढल्या, मग नळीला खाण्याच्या तेलाचा हलका हात आणि घोड्याच्या कळीत शिलाई मशीनचं तेल. नुसत्या रॉकेलच्या चिंधीनं पुसून ठेवण्याची आमच्या घरची पद्धत होती. रॉकेलनं क्षार विरघळत नाहीत, पाण्यानं विरघळतात. डिसेंबरात बंदूक परत आली ती जशी दिली तशी. आत चिंधी फिरवली, तांबूस डागही नाही. मागच्या वेळी याच ठाण्याच्या याच कपाटाला मी शिव्या दिल्या होत्या.

खोबरेल मात्र वापरू नका. चाचांना न विचारता ते कळीत घातलं होतं, थंडीत थिजलं आणि घोडा सुस्तावला. तेव्हा सगळं पुसून मशीनचं तेल घातलं.

काळ्या दारूच्या जागी काडतुसातली बिनधुराची दारू घालणारे महाभाग आमच्या तालुक्यात अजून आहेत. तिचा दाब या नळ्यांना पेलत नाही, नळी फाटते. ‘थोडीशीच घातली’ म्हणणाऱ्याच्या शेजारी मी उभा राहत नाही.

हिशेब असा : पहिलं दुकान साडेतीन हजार, त्यातलं कामाचं काय ते टोप्या आणि पॉलिश. चाचा 1,200 अधिक 2,200, दस्त्याचे 500. सुतार 60. चाचांचं काम दहापैकी नऊ. एक गुण कापला कारण ‘परसों आओ’ म्हणाले की परवा कधीच परवा नसतो, आणि जाण्यायेण्याचं भाडं माझं. नळी आतून खड्डे पडून पातळ झाली असेल तर चाचा स्वतःच पैसे घेत नाहीत, ठाण्यात जमा करून मोकळं व्हायला सांगतात, हेही इथं नोंदवतो.

पहिल्या दुकानात फायबरचा गज आणि ती पांढरी टेप एकाच कागदात बांधून घेऊन गेलो. मालक स्वतः होता. जुना गज परत द्या म्हटलं तर म्हणाला, ‘काहून एवढं काडीसाठी काका? तसल्या काड्या रानात पडल्यात.’ दुकानात इतर गिऱ्हाईकं होती, मग त्यांना टेप कशी गुंडाळली होती ते दाखवायला लागलो. गजाचे 450 पुढच्या टोप्यांच्या बिलात वळते करून मिळाले. निपलचे पैसे अजून येणं आहेत.