युरोपची ट्रेन तिकिटं नाशिकमध्ये बसून काढली, त्याचा सविस्तर अनुभव

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही चौघं युरोपला जाऊन आलो. मी, नवरा, सासूबाई आणि अकरा वर्षांची मुलगी. फ्रँकफर्टला उतरायचं आणि रोमहून परत, मधलं सगळं ट्रेनने. टूर कंपनीचं पॅकेज नको होतं, सासूबाईंना बसमध्ये बसून बसून पाठ दुखते, आणि त्यांना स्वतःलाच गाडीची हौस, खिडकीत बसून तास न् तास बाहेर बघतील. डिसेंबरपासून तिकिटांच्या मागे लागले होते, आल्यावर रिफंडचं प्रकरण ऑगस्टपर्यंत चाललं, मग ऑक्टोबरमध्ये मैत्रिणीच्या आईवडिलांची तिकिटंही मीच काढून दिली. एवढ्या महिन्यांत जे कळलं ते लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत कुठेच नीट सापडलं नव्हतं.

पहिली गोष्ट, आपल्या आयआरसीटीसीची सवय डोक्यातून काढावी लागते. आपल्याकडे स्लीपरचं भाडं ठरलेलं, प्रश्न फक्त कन्फर्म होतंय का वेटिंग. तिकडे लांबच्या गाड्यांचं भाडं विमानासारखं वर जातं, आज २० युरो असलेलं प्रवासाच्या आदल्या दिवशी ८० होऊ शकतं, पण वेटिंग लिस्ट हा प्रकारच नाही. आणि जर्मनी, ऑस्ट्रियात तिकीट वेगळं आणि सीट वेगळी! तिकीट काढलं म्हणजे गाडीत चढायचा हक्क मिळाला, बसायची जागा हवी तर रिझर्वेशनचे वेगळे काही युरो. हे मला आधी कळलंच नव्हतं, मी तिकिटावर सीट नंबर शोधत बसले. इटलीच्या फास्ट गाड्यांत मात्र सीट तिकिटातच येते.

कुठून काढायचं? माझं मत स्पष्ट आहे, ज्या देशाची गाडी त्या देशाच्या रेल्वेच्या साइटवरून. जर्मनीसाठी डॉइच बान, ऑस्ट्रियासाठी ओबीबी, इटलीसाठी ट्रेनइटालिया आणि तिची खाजगी स्पर्धक इटालो. सगळ्यांच्या साइट इंग्रजीत चालतात. एक प्रवास मी सगळ्या देशांची तिकिटं विकणाऱ्या एका ॲपवरून काढला, सोपं वाटलं म्हणून, तर त्यांची सर्व्हिस फी वेगळी लागली, आणि नंतर गाडीची वेळ बदलली तेव्हा रेल्वेवाले म्हणाले ज्यांच्याकडून घेतलं त्यांना विचारा, आणि ॲपवाल्यांचं उत्तर यायला नऊ दिवस लागले. वेळापत्रक आणि मार्ग समजून घ्यायला सीट सिक्स्टी वन नावाची मार्क स्मिथ यांची वेबसाइट आहे, ती मी रात्री रात्री वाचली. कुठल्या देशाचं बुकिंग किती आधी उघडतं, कुठली बाजू खिडकीला चांगली, सगळं तिथे आहे.

बुकिंग उघडण्याच्या तारखाही सगळ्यांच्या वेगळ्या. जर्मनीत आता वर्षभर आधीपर्यंत काढता येतं, ऑस्ट्रियात साधारण सहा महिने, इटलीत साधारण चार महिने, कधी कमी. दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर तिकडचं वेळापत्रक बदलतं, त्याच्या आसपासच्या तारखा बघत असाल तर गाड्या उशिरा दिसायला लागतात, घाबरून जाऊ नका.

आता आपल्या लोकांची खरी अडचण, व्हिसा. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, फी मोठ्या माणसाची ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या सेंटरचे पैसे, आणि हातात यायला किती दिवस लागतील काही सांगता येत नाही. इकडे स्वस्त तिकिटं तर आधीच काढायला हवीत. मग व्हिसा नाकारला तर? मी तिकिटांचे सरळ तीन भाग केले. जर्मनीत दोन प्रकारचं स्वस्त तिकीट असतं, सुपर श्पारप्राइस आणि नुसतं श्पारप्राइस. सुपरवालं एकदा घेतलं की रद्द होत नाही. नुसतं श्पारप्राइस थोडं महाग, पण प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत दहा युरो कापून रद्द करता येतं. तर व्हिसाच्या आधी जे काढायचं ते रद्द होणारंच, व्हिसा हातात आल्यावर त्याच दिवशी ऑस्ट्रिया आणि इटलीची न बदलणारी स्वस्त तिकिटं, आणि लोकल म्हणजे रिजनल गाड्यांचं काहीच काढायचं नाही कारण त्यांचं भाडं आज घ्या नाहीतर तिथे जाऊन घ्या, तेवढंच असतं. आमचा व्हिसा मार्चच्या शेवटी आला. तोपर्यंत व्हेनिस-फ्लॉरेन्स थोडं वाढलं होतं, पण रात्री झोप लागत होती, ते जास्त महत्त्वाचं.

मात्र यातच एक चूक केली. फ्रँकफर्ट एअरपोर्टवरून थेट म्युनिकची गाडी मिळते, साडेतीन तासांची. फेब्रुवारीत एक दिवस सुपर श्पारप्राइस २८ युरोला दिसलं, मुलगी १५ च्या आतली आणि आमच्यासोबत म्हणून तिचं फुकट, तिघांचे ८४. मला मोह आवरला नाही, स्वतःचाच नियम मोडून घेतलं, विमान उतरल्यावर अडीच तासांनी गाडी होती, वाटलं भरपूर झाले. मुंबईहून विमानच दोन तास उशिरा सुटलं, मग इमिग्रेशनची रांग, सामान... आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी जाऊन पाऊण तास झालेला. स्वस्त तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. ट्रेन उशिरा असेल तर बंधन सुटतं, त्यांचा नियम आहे की पोचायला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर दुसरी गाडी पकडता येते, पण विमान उशिरा आलं तर त्याचा रेल्वेशी काही संबंध नाही. त्या दिवशीच्या पुढच्या गाड्यांचे भाव तिप्पट झालेले. तिघांचे २४० युरो गेले, आधीचे ८४ वेगळे. तेव्हा युरो ९५ रुपयांच्या आसपास होता, हिशोब तुम्हीच करा. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण रात्रभर जागून आलेलं माणूस प्लॅटफॉर्मवर बसलेलं बघून मला फार वाईट वाटलं. विमानातून उतरायच्या दिवशी बांधलेलं तिकीट अजिबात घेऊ नका. एक तर फ्लेक्सिबल घ्या, नाहीतर त्या रात्री विमानतळाच्या गावातच राहा आणि सकाळी स्वस्त गाडीने निघा. मैत्रिणीच्या आईवडिलांना मी तसंच करायला लावलं.

सगळ्यात जास्त समाधान दिलं ते बायर्न तिकिटाने. म्युनिकहून साल्झबर्ग. बव्हेरिया राज्यात दिवसभर कितीही रिजनल गाड्यांनी फिरा, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत, आणि साल्झबर्ग ऑस्ट्रियात असूनही तिथपर्यंत चालतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर चालू होतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच. तिकिटावर सगळ्यांची नावं लिहावी लागतात. फास्ट गाडीत चढायचं नाही, तिथे चालत नाही. दोनेक तास लागले, रोझेनहाइमनंतर डोंगर, कीमझे तलाव, मुलगी डबाभर इकडून तिकडे खिडक्या बदलत होती. घरून काहीही बुक न करता, स्टेशनवरच्या मशीनवर पाच मिनिटांत घेतलं.

साल्झबर्ग-व्हिएन्नाला ओबीबीच्या रेलजेट आणि वेस्टबान अशा दोन कंपन्यांच्या गाड्या आहेत, अडीच तासांच्या आत-बाहेर, दोघांची स्वस्त तिकिटं एकमेकांत चालत नाहीत, म्हणून दोन्ही साइट उघडून ठेवा आणि तुलना करा. इटलीतही तेच, ट्रेनइटालियाच्या साइटवर इटालोचं तिकीट मिळत नाही. व्हेनिस-फ्लॉरेन्स आम्ही एकाने आणि फ्लॉरेन्स-रोम दुसऱ्याने गेलो, दोन्ही गाड्या छान.

व्हिएन्ना-व्हेनिसला रात्रीची नाइटजेट पण आहे, हॉटेलचा एक दिवस वाचतो. पण आम्ही मुद्दाम दिवसाची घेतली, जवळजवळ आठ तास, आणि मला वाटतं अख्ख्या ट्रिपमधला हा सगळ्यात चांगला निर्णय होता. वाटेत झेमरिंगचा घाट लागतो, १८५४ मध्ये पूर्ण झालेला रेल्वेमार्ग, कार्ल फॉन गेगा या इंजिनिअरने बांधलेला, युनेस्कोच्या यादीत आहे. दगडी दुमजली पूल, बोगदे, वळणावर आपल्याच गाडीचे पुढचे डबे दिसतात. सासूबाईंचं माहेर इगतपुरीचं. त्या म्हणाल्या, अगं हा तर आपला कसारा घाटच, फक्त थंडीतला. मग दिवसभर मुलीला इगतपुरी स्टेशनच्या गोष्टी सांगत होत्या. त्या तिकिटासाठी मी व्हिसा आल्याच्या दिवशी रात्री साडेअकराला बसले होते, ते वसूल झालं.

आता पैसे भरणं, इथे बरेच जण अडकतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नवीन कार्डावर परदेशातले व्यवहार बंदच असतात, आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करा आणि मर्यादा वाढवा. माझं एका साइटवर दोनदा फेल गेलं, ओटीपी यायला उशीर आणि तोवर त्यांचं पेज संपलेलं, आणि एकदा पैसे कापले पण तिकीट आलं नाही. घाबरून लगेच तिसऱ्यांदा करू नका, आधी ईमेल आणि साइटवरचं खातं दोन्ही बघा. माझे पैसे आठवड्याने परत आले. बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँकेचा जादा आकार, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,००० रुपयांच्या तिकिटाला ४१३ रुपये जास्त. मार्कअप नसलेलं कार्ड मिळत असेल तर तिकिटांसाठी तेच घ्या. आणि रुपयात भरायचं का युरोत असं विचारलं तर युरोच निवडा, रुपयाचा भाव ते स्वतःचा लावतात. तिकडे गेल्यावर तिकीट काढायचं असेल तर भारतातलं सिम चालू ठेवा, ओटीपी त्याच्यावरच येणार.

युरेल पासचं, म्हणजे एकाच पासवर अनेक देशांत ट्रेनने फिरायचं, बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. मी कागदावर हिशोब मांडला. आमचे लांबचे प्रवास पाचच, तारखा ठरलेल्या, त्यात इटलीच्या फास्ट गाड्यांना पास असला तरी रिझर्वेशनचे पैसे वेगळे. सुटीसुटी तिकिटं बरीच स्वस्त पडली. ज्यांचं आज इथे उद्या तिथे असं मोकळं फिरणं आहे, किंवा १२ च्या आतली दोन मुलं आहेत, ती मोठ्यांच्या पासवर फुकट, त्यांनी मात्र जरूर हिशोब करावा.

स्टेशनची नावं नीट बघा. व्हेनिसचं मेस्त्रे म्हणजे पाण्याअलीकडचं, खऱ्या व्हेनिसला उतरायचं तर सांता लुचिया. फ्लॉरेन्स शोधताना फिरेंझे, म्युनिक म्हणजे म्युन्शेन, व्हिएन्ना म्हणजे वीन. जर्मनीच्या साइटवर गाडी बदलायला कमीत कमी किती वेळ हवा ते निवडता येतं, वयस्कर माणूस आणि बॅगा असतील तर तिथे अर्धा तास टाका, नाहीतर ते सात मिनिटांची बदली पण दाखवतात. इटलीत रिजनलचं कागदी तिकीट घेतलं तर चढायच्या आधी मशीनमध्ये छाप मारून घ्या, मोबाइलवर घेतलं तर चेक-इन करा, आम्ही पिसाला जाताना समोरच्या जोडप्याला त्याच्यासाठी दंड भरताना बघितलं. आणि शोपेरो हा शब्द लक्षात ठेवा, म्हणजे संप. तो आधी जाहीर होतो, आणि रिजनलच्या काही गाड्या कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ चालू ठेवाव्याच लागतात.

रिफंडचं राहिलं. एक गाडी सत्तर मिनिटं उशिरा पोचली. युरोपियन युनियनचा नियम आहे, तासाभराच्या वर उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, दोन तासांच्या वर ५० टक्के परत. अर्ज ऑनलाइन केला तर फॉर्ममध्ये आयबॅन नंबर (तिकडच्या बँक खात्यांचा आंतरराष्ट्रीय नंबर) मागतात, आणि आपल्या भारतीय बँकांना आयबॅन नसतोच. तीन ईमेल झाले, शेवटी पैशांऐवजी व्हाउचर घेतलं, ते ऑगस्टमध्ये आलं. रक्कम लहान होती पण हक्काची होती. तिकीट आणि उशिराचा स्क्रीनशॉट दोन्ही जपून ठेवा.

मैत्रिणीच्या आईवडिलांच्या वेळी तिकिटं माझ्या खात्यातून, माझ्या कार्डाने काढली, पण प्रवाशाच्या जागी नावं त्यांची, पासपोर्टवर आहेत तशीच्या तशी. काकांकडे स्मार्टफोन आहे पण ॲप उघडताना गडबड होते, म्हणून सगळ्या पीडीएफची प्रिंट काढून प्रवासाच्या क्रमाने फाइलमध्ये लावल्या, प्रत्येक पानावर वर मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं, कुठून कुठे, किती वाजता, डबा नंबर, सीट नंबर. परत आल्यावर काकांनी ती फाइल मला दाखवायला आणली, प्रत्येक पानावर त्यांनी गाडी खरी किती वाजता सुटली ते पेनने लिहून ठेवलं होतं.