महिन्याचे ७५ रुपये आणि माझ्याकडचा ॲपलचा शेअर

दुकानात लोक मला फोनचा रिव्ह्यू विचारतात, कॅमेरा कसाय, बॅटरी दिवसभर पुरते का, गरम होतो का. आज मी फोनचा नाही, फोन बनवणाऱ्या कंपनीच्या शेअरचा रिव्ह्यू लिहायलोय. २०२१ च्या डिसेंबरपासून ॲपलचा शेअर घेतोय, थोडाथोडा, अख्खा परवडत नाही तेव्हा अर्धा-पाव सुद्धा, आणि आता चार वर्षं उलटली म्हणजे वस्तू नीट वापरून बघितली असं म्हणता येतं. पाचपैकी साडेचार देतो. अर्धा मार्क का कापला ते पुढं सांगतो, तो कंपनीमुळं नाही.

सोलापुरात नवी पेठेत माझा जुन्या मोबाईलचा काउंटर आहे, खरेदी-विक्री आणि रिपेअरिंग. आमच्या घरात शेअर मार्केट कुणी बघितलेलं नाही, वडिलांची सगळी वर्षं टॉवेलच्या कारखान्यात गेली, बचत म्हणजे पोस्ट आणि भिशी. त्यामुळं मी जे शिकलो ते काउंटरवर उभं राहूनच शिकलो, कंपनीचे आकडे नंतर वाचायला लागलो आणि वाचल्यावर कळलं की जे समोर दिसत होतं तेच आकड्यात पण आहे.

काउंटरवर काय दिसतं? बाकी कंपन्यांचा तीन वर्षं जुना फोन घेऊन कुणी आलं तर त्याला किंमत सांगताना मलाच कसंतरी होतं, एवढी कमी येते. आयफोनचं तसं नाही. आयफोन ११ हा २०१९ चा फोन, त्याला २०२५ मध्ये आलेलं आयओएस २६ पण मिळालं, म्हणजे सहा वर्षांनी सुद्धा नवीन सॉफ्टवेअर, आणि म्हणून तो आजही माझ्याकडं आला की शोकेसमध्ये फार दिवस पडून राहत नाही. कॉलेजची पोरं, एमआयडीसीत नवीन कामाला लागलेली पोरं, पहिला आयफोन असाच जुना घेतात. लोकांना वाटतं जुना फोन विकला गेला म्हणजे कंपनीचं नुकसान, नवीन विकला गेला नाही. मी उलट बघतो. तो फोन ज्या पोराच्या हातात गेला तो पोरगा आता ॲपलच्या घरात आला, आणि एकदा आत आलेला माणूस सहसा बाहेर पडत नाही.

कसा पडेल? जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाली की माझ्याकडं हमखास माणसं येतात, ‘स्टोरेज फुल्ल दाखवायलंय बघा’. नंदीध्वजाची मिरवणूक, शोभेचं दारूकाम, सगळ्याचे व्हिडिओ काढलेले असतात, आणि आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणीत, फुकट जागा फक्त ५ जीबी. मग ५० जीबीचा प्लॅन, महिना ७५ रुपये. पंच्याहत्तर रुपयाला काय येतं हो आजकाल, त्यामुळं कुणी विचार पण करत नाही, ऑटोपे लावतात आणि विसरून जातात. दोन वर्षांनी तेच पुरत नाही, मग २०० जीबी, २१९ रुपये. पुढचा फोन घ्यायची वेळ येते तेव्हा सगळे फोटो, पोराच्या बारशापासूनचे, तिकडं ठेवलेले असतात, मग दुसऱ्या कंपनीचा फोन घ्यायचं मनातच येत नाही. माझ्याकडं आयफोन विकायला येणाऱ्या माणसाचा पुढचा प्रश्न जवळजवळ नेहमी हाच असतो, ‘१३ आहे का? १५ कितीला बसेल?’

हे ७५ रुपये कंपनीच्या हिशोबात ‘सर्व्हिसेस’ या खात्यात जातात. त्यात आयक्लाउड, ॲप स्टोअरचं कमिशन, म्युझिक, वॉरंटी, जाहिराती, सगळं येतं. ॲपलचं वर्ष सप्टेंबरला संपतं. २०२४ च्या वर्षात एकूण विक्री ३९१ अब्ज डॉलर होती, त्यातले ९६ अब्ज सर्व्हिसेसचे. २०२५ ला एकूण ४१६ अब्ज आणि सर्व्हिसेस १०९ अब्ज. आता खरी गंमत मार्जिनमध्ये आहे. २०२४ चं बघा, फोन-लॅपटॉप-घड्याळ अशा वस्तूंवर १०० रुपयाच्या विक्रीत ढोबळ नफा ३७ च्या आसपास, आणि सर्व्हिसेसवर ७४ च्या आसपास. दुप्पट! मी दुकानदार आहे, मला हे वाक्य दोनदा वाचावं लागलं नाही. फोन हा गिऱ्हाईक आत आणायचा दरवाजा, आणि आत आल्यावर दर महिन्याला गल्ल्यात पडणारे पैसे वेगळे. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीनं सांगितलं की जगात चालू असलेली त्यांची उपकरणं २.३५ अब्ज आहेत.

सोलापूरकरांना हे समजावायला मला सगळ्यात सोपं उदाहरण सापडलं ते आपल्या बाजार समितीचं. कांद्याचा भाव पडो का चढो, शेतकरी रडो का हसो, व्यवहार झाला की अडत ठरलेली. ॲप स्टोअर म्हणजे तसाच यार्ड आहे, तिथं ज्याला ॲप विकायचं त्यानं अडत द्यायची, मोठ्यांना ३० टक्के, आणि वर्षाला १० लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्या छोट्यांना २०२१ पासून १५ टक्के. आणि उदाहरण इथंच थांबवलं तर ते अर्धवट राहील, कारण अडतीचे नियम बदलतात हे पण आपण बघितलंय, २०१६ ला फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं तेव्हा किती गदारोळ झाला होता. ॲपलवर पण तीच वेळ आलीय. युरोपात नवीन कायद्यानं दुसरी दुकानं आत घ्यावी लागली, अमेरिकेत एप्रिल २०२५ मध्ये कोर्टानं बाहेरच्या लिंकवरून होणाऱ्या खरेदीवर कमिशन घ्यायला बंदी केली, ते पुढं अपिलात गेलं. मला याची काळजी आहे पण भीती नाही. अडत बदलली म्हणून यार्ड ओस पडला नाही, कारण माल आणि गिऱ्हाईक दोन्ही तिथंच येतं.

दुसरं कारण शेअर परत विकत घेण्याचं, बायबॅक. याकडं आपल्याकडं लोक लक्षच देत नाहीत. समजा वडिलोपार्जित बारा एकरात सहा भाऊ हिस्सेदार आहेत आणि जमिनीच्याच उत्पन्नातून दोघांचा हिस्सा पैसे देऊन मोकळा केला, तर उरलेल्या चौघांचा हिस्सा दोन एकरावरून तीन एकरावर गेला, त्यांनी खिशातून एक रुपया न घालता. ॲपल हेच २०१२-१३ पासून करतेय. तेव्हा आजच्या हिशोबानं, म्हणजे २०१४ ला एका शेअरचे सात आणि २०२० ला एकाचे चार केले (स्प्लिट) ते धरून, २६ अब्जांच्या आसपास शेअर होते, आता १५ अब्जांच्या आत आलेत. मे २०२४ मध्ये एका दमात ११० अब्ज डॉलरच्या बायबॅकला मंजुरी दिली. डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातून शेअरवाल्याला मिळणारा वाटा, मात्र नावाला आहे, २०२५ मध्ये तिमाहीला शेअरमागं २६ सेंट होता, डिव्हिडंडसाठी कुणी हा शेअर घेऊ नका.

माझा एक मित्र नेहमी म्हणतो, ‘कशाला बे तिकडं पैसे पाठवायलास, इथं काय शेअर नाहीत का?’ आहेत की, माझ्याकडं इथले पण आहेत. पण माझी सगळी कमाई रुपयात आणि मी विकतो तो माल डॉलरनं महाग होतो. २०२१ ला मी सुरू केलं तेव्हा डॉलर ७५ च्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये ९० ओलांडला. शेअर जागच्या जागी राहिला असता तरी ही वाढ मिळालीच असती.

आता वाईट दिवस पण सांगतो, नुसतं गोड लिहिलं तर तो रिव्ह्यू नाही. मी घेतलं आणि लगेच २०२२ आलं, त्या वर्षात शेअर सत्तावीसेक टक्के पडला. नंतर एप्रिल २०२५, अमेरिकेनं टॅरिफ (बाहेरून येणाऱ्या मालावरचा कर) जाहीर केले आणि चार दिवसांत वीस टक्क्यांहून जास्त खाली, कारण बराचसा माल चीनमध्ये बनतो. त्या आठवड्यात रात्री झोप नव्हती, बायको म्हणाली काढून टाका. मी काढलं नाही, कारण काउंटरवर काहीच बदललं नव्हतं, तेच गिऱ्हाईक तेच फोन मागत होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये हीच कंपनी ४ ट्रिलियन डॉलरची झाली. आणि चीनचं म्हणाल तर २०१७ ला बंगळुरूत साध्या आयफोन एसईपासून जोडणी सुरू झाली होती, २०२३ मध्ये कोलारजवळचा कारखाना टाटांनी घेतला, आता भारतात जोडलेले आयफोन अमेरिकेत जातात.

एआयमध्ये ॲपल मागं आहे हे खरंय. नवी सिरी, म्हणजे फोनमधली बोलून चालवायची मदतनीस, मार्च २०२५ मध्ये पुढं ढकलली, मला पण वाईट वाटलं. पण बाकीच्या मोठ्या कंपन्या डेटा सेंटरवर दरवर्षी दहा अब्ज डॉलरच्या कितीतरी पट ओतायलेत आणि ॲपलचा २०२४ चा सगळा भांडवली खर्च १० अब्जांच्या आत होता. ज्याच्याकडं दोन अब्जांवर उपकरणं लोकांच्या खिशात आहेत त्याच्या दारात एआयवाला स्वतःहून येणार. गूगलनं सर्चची जागा मिळावी म्हणून एकट्या २०२२ मध्ये ॲपलला २० अब्ज डॉलर दिल्याचं कोर्टातच बाहेर आलं. सर्चला भाडं भरतात तर उद्या एआयला पण भरतील, असं माझं स्पष्ट मत आहे. भाव स्वस्त नाही, पी-ई, म्हणजे शेअरचा भाव शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट, तो २०२५ मध्ये बराच काळ तिशीच्या वर होता, म्हणून एकदम मोठी रक्कम टाकू नये.

अर्धा मार्क कापला तो सोलापुरात बसून हे घेण्याच्या कटकटीबद्दल. पहिल्या वेळी बँकेत गेलो तर परदेशात पैसे पाठवायचा फॉर्म ए-२ कुणाला माहीत नव्हता, तीन चकरा झाल्या, आणि प्रत्येक वेळी पाठवणीचा चार्ज वेगळा, म्हणून मी आता तीन महिन्यांचे पैसे साठवून एकदाच पाठवतो. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो टॅक्स) कापत नाहीत, ते बरं झालं. डिव्हिडंडवर तिकडं २५ टक्के कापतात, त्याची इथल्या टॅक्समध्ये वजावट घ्यायला वेगळा फॉर्म भरावा लागतो. रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता, भरायलाच लागतं, आणि त्यात जानेवारी ते डिसेंबरचा हिशोब, आपल्या मार्चचा नाही, आमच्या सीएचा पण पहिल्या वर्षी यात गोंधळ झाला. दोन वर्षांच्या वर ठेवून विकला तर १२.५ टक्के टॅक्स. आणि रक्कम ६० हजार डॉलरच्या वर गेली तर माणूस गेल्यावर वारसांना अमेरिकेचा वेगळा टॅक्स लागू शकतो, हे फार थोड्यांना माहितीय. घरच्यांना पासवर्ड आणि कागदं कुठं आहेत ते सांगून ठेवा.

सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला ॲपलचं स्वतःचं दुकान उघडलं, मी पुढच्याच महिन्यात सकाळच्या वंदे भारतनं जाऊन बघून आलो. अर्धा तास नुसता कोपऱ्यात उभा होतो. साठीच्या एक बाई आयपॅडवर चित्र काढायला शिकत होत्या आणि शिकवणारी पोरगी घाई करत नव्हती. येताना ट्रेनमध्येच पुढच्या तिमाहीची रक्कम थोडी वाढवायचं ठरवलं.

माझ्या बचतीचा पाचवा हिस्सा यात आहे, त्याच्या वर जाऊ देत नाही. विकणार कधी ते पण ठरलेलंय. आयफोन विकायला आलेला माणूस त्याच्या बदल्यात काय घेऊन गेला हे मी दुकानाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवतो. गेल्या महिन्यात एकच जण दुसऱ्या कंपनीकडं गेला. त्या पानावर सलग तीन-चार महिने असे पाच-सहा जण दिसायला लागले की मग कुठल्या बड्या माणसानं काय सांगितलं ते बघणार नाही, विकायला सुरुवात करणार.