साधी बीएस्सी बायोलॉजी की नर्सिंग, फार्मसी, कृषी? सीमाभागातल्या घरांसाठी पैशाचा हिशेब

दुसऱ्या पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा निकाल लागतो, नीटचे मार्क एमबीबीएसला पुरत नाहीत, आणि घरात विषय निघतो, "मग बीएस्सीला घालूया का?" खानापूर असो, निपाणी असो की बेळगाव शहर, बायोलॉजी घेतलेल्या मुलामुलींच्या घरी हा प्रश्न ठरलेला. माझं मत आधीच सांगतो. बॉटनी-झूलॉजीची बीएस्सी एकटी फारसं कमावून देत नाही. पुढे एमएस्सी, बीएड किंवा एखादा कामाचा डिप्लोमा करायची तयारी असेल तरच ती घ्यावी. म्हणजे तिचा हिशेब तीन वर्षांचा नाही, पाच वर्षांचा मांडायचा.

याचं कारण नोंदणीत आहे. नर्सची कौन्सिलकडे नोंदणी होते. औषध दुकानाला नोंदणीकृत फार्मासिस्ट दाखवावाच लागतो. झूलॉजीच्या पदवीधराला मात्र अशी कायद्याने राखलेली जागा नाही. तालुक्याच्या गावातल्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये हे रोज दिसतं. साधी बीएस्सी झालेला मुलगा रक्त घेतो, सेंट्रिफ्यूज फिरवतो, नळ्यांवर लेबलं लावतो, मशीनवर रीडिंगही घेतो. काम त्याला येतं. पण मोठ्या हॉस्पिटलची जाहिरात निघते ती डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा किंवा पदवी) मागणारी, आणि तिथे त्याचा अर्जच बाद होतो. लॅबचीच आवड असेल तर पहिल्यापासून एमएलटीला जावं.

आता नर्सिंग. चार वर्षं, आणि खासगी कॉलेजची फी जड. समजा नर्सिंगला एकूण पाच लाख लागले आणि बीएस्सी-एमएस्सीला पाच वर्षांत दीड लाख. फरक साडेतीन लाखांचा. नर्सिंगवाली एक वर्ष आधी कमवू लागते. महिना पंधरा हजार धरले तरी १,८०,००० भरून निघाले, उरले १,७०,०००. पुढे तिचा पगार एमएस्सीवालीपेक्षा तीन हजारांनी जास्त राहिला, तर हा फरक फिटायला पावणेपाच वर्षं लागतात. कर्ज काढलं असेल तर व्याजामुळे आणखी. हे आकडे उदाहरणाचे आहेत. आपल्या कॉलेजची फी आणि ओळखीच्या नर्सचा पगार विचारून ते बदलून घ्या, रीत हीच. एम्सच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या मोठ्या हॉस्पिटलांतल्या नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन महिना ४४,९०० पासून सुरू होतं, साध्या बीएस्सीवर इतक्या पगाराची नोकरी थेट क्वचितच मिळते. मात्र त्या भरतीत ८० टक्के जागा महिलांसाठी आहेत, मुलाला नर्सिंगला घालताना हे लक्षात असू द्या. रात्रपाळीचाही विचार हवा. मुलीला ते काम मनापासून करायचं नसेल तर पगार बघून ढकलू नये.

डीफार्मसी दोन वर्षांची, पुढे ट्रेनिंग. घरचं दुकान काढायचं असेल तर यापेक्षा लवकर कमाईला लावणारा रस्ता नाही. दुसऱ्याच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं असेल तर पगार फार वाढत नाही.

शेतकऱ्याच्या घरात बीएस्सी कृषीचा विचार बीएस्सी बॉटनीच्या आधी झाला पाहिजे. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा प्रवेश सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून होतो आणि शेतकरी कोट्यासाठी वेगळी प्रॅक्टिकल परीक्षा असते. जमिनीची कागदपत्रं वेळेत काढली नाहीत म्हणून हा कोटा हातचा घालवू नका. बँकांच्या कृषी अधिकारी भरतीला कृषी किंवा संलग्न विषयाची चार वर्षांची पदवी लागते. तिथे सुरुवातीचं मूळ वेतन ४८,४८० आहे. बॉटनीवाल्याला तो फॉर्मच भरता येत नाही.

मग साधी बीएस्सी कुणी करावी? जिला खरोखर विषय आवडतो आणि जिच्या घरी मोठी फी झेपणार नाही, तिने जरूर करावी. खर्चात ती फार हलकी आहे. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे मुलींना राज्यातल्या साध्या सरकारी बसचं तिकीटही नाही. कर्नाटकात २०२४ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली आहे. फक्त एक अट पाळा, केमिस्ट्री सोडू नका. केमिस्ट्री असेल तर साखर कारखान्याची लॅब, बेळगावातच असलेल्या निजलिंगप्पा साखर संस्थेचे अभ्यासक्रम आणि गोव्यातल्या औषध कंपन्यांचा क्वालिटी विभाग हे रस्ते उघडे राहतात. अभ्यासात पुढे असलेल्यांनी एमएस्सीनंतर नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप डोळ्यांसमोर ठेवावी. तिथे महिना ३७,००० आणि घरभाडं मिळतं, शिकता शिकता. आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे. तिथल्या प्रकल्पांच्या जाहिराती पहिल्या वर्षापासून वाचायची सवय लावा, म्हणजे कोणतं कौशल्य मागतात ते कळतं.

शिक्षक व्हायचं असेल तर बीएस्सीची तीन अधिक बीएडची दोन वर्षं, वर टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, आणि मग भरतीची वाट. ही वाट कधी कधी फार लांबते. तोवर खासगी शाळेच्या पगारावर घर चालेल का, ते आजच विचारून घ्या.

आणि आपल्या भागाची खास गोष्ट. कर्नाटकात सरकारी नोकरी हवी तर कन्नड लिहिता-वाचता आलंच पाहिजे. मराठी शाळेतून आलेली हुशार मुलं इथे मागे पडताना बघून वाईट वाटतं, कारण पदवीच्या तीन वर्षांत रोज अर्धा तास दिला तर ही उणीव सहज भरते. दुसरीकडे, सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना महाराष्ट्र शासनाच्या भरतीत अर्ज करता येतो. त्यासाठी त्या गावात पंधरा वर्षं राहिल्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. तो जाहिरात निघाल्यावर घाईने मागायला जाऊ नका. आपलं गाव यादीत आहे का ते बघा आणि प्रवेशाच्या कागदपत्रांबरोबरच त्याच्याही तयारीला लागा.