मॉन्सल ट्रेल की हाय पीक ट्रेल?

इंग्लंडच्या डर्बीशरमधल्या चुनखडीच्या खाणपट्ट्यातल्या या दोन्ही पायी-सायकलच्या वाटा म्हणजे रूळ उखडलेले रेल्वेमार्ग. मुलं सोबत असतील तर मी डोळे झाकून मॉन्सल निवडेन. सुमारे १४ किलोमीटर, चढ नावापुरता. २०११ मध्ये खुल्या झालेल्या बोगद्यांत दिवसा दिवे असतात. गारठाही असतो, जाकीट घ्याच. मिलर्स डेलजवळ चुन्याच्या अजस्र भट्ट्या वाटेलगतच उभ्या आहेत, तिथे थांबाच.

हाय पीक जवळपास दुप्पट लांब, उघडी, वाऱ्याची. १८३०-३१ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर जागेवर बसवलेली वाफेची यंत्रं मालगाडीचे डबे चढावर ओढत. पायथ्याच्या क्रॉमफर्डहून निघालात तर ते काम तुमच्या मांड्यांना करावं लागेल. त्यापेक्षा त्या चढांच्या माथ्यावरच्या मिडलटन टॉपहून निघा; हॉप्टनचा १४ला १ (दर १४ मीटरमागे १ मीटर) चढ मात्र तरीही चुकत नाही.