फोमेपिझोल की इथेनॉल? मिथेनॉलचा पेशंट समोर असताना

2015 च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसं गेली. त्यावर उतारे दोन: फोमेपिझोल हे औषध आणि इथेनॉल, म्हणजे साध्या दारूतलं अल्कोहोल. असा पेशंट बहुधा दुसऱ्या दिवशी येतो, कारण मिथेनॉलचं यकृतात फॉर्मिक अ‍ॅसिड व्हायला वेळ लागतो. सोबत साधी दारू प्यायला असेल तर आणखी उशीर. धाप, पोटदुखी, ‘डोळ्यांपुढं पांढरं धुकं’. लवकर आला तर ऑस्मोलल गॅप (रक्ताची मोजलेली आणि हिशेबाने काढलेली ऑस्मोलॅलिटी यांतला फरक; न बदललेल्या मिथेनॉलने वाढतो) वाढलेला आणि एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायू-आम्लाची तपासणी) ठीक. उशिरा आला तर ऑस्मोलल गॅप नॉर्मल आणि पीएच तळाला, म्हणजे रक्त आम्लधर्मी. म्हणून एकाच आकड्यावर घरी पाठवू नका आणि मिथेनॉलच्या लेव्हलसाठी उतारा अडवू नका.

दोन्ही उतारे एकाच एन्झाइमला रोखतात, मिथेनॉलचं फॉर्मिक अ‍ॅसिडकडे रूपांतर सुरू करणाऱ्या. फोमेपिझोल सरळ आहे: किलोमागे 15 मिलिग्रॅम अर्ध्या तासात ड्रिपमधून, मग दर 12 तासांनी 10. गुंगी नाही, साखर उतरत नाही. थंडीत वायल घट्ट झाली तर फेकू नका, कोमट पाण्याखाली धरा. अडचण किंमत आणि उपलब्धतेची.

इथेनॉल मिळतं, पण राबवून घेतं. 60 किलोच्या माणसाला 42.8 टक्क्यांची व्हिस्की साधारण 120 मिली, तेवढंच पाणी घालून रायल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणारी नळी). पुढे ताशी 18-20 मिली, रोज पिणाऱ्याला जास्त, डायलिसिसवर दुप्पट. (इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर ‘व्हिस्की’ लिहिताना स्टोअरवाले हसतील, हसू द्या.) आधीच साधी दारू चढलेली असेल तर पहिला डोस कमी करा. रक्तातली पातळी 100 ते 150 मिलिग्रॅम टक्के ठेवायची, म्हणजे सिस्टर तासातासाला साखर बघणार, श्वासावर नजर ठेवणार.

माझं मत? फोमेपिझोल हाताशी असेल तर तेच. नसेल तर त्याची वाट न बघता इथेनॉल. खरा फरक डायलिसिस लांब असताना कळतो. एन्झाइम रोखल्यावर मिथेनॉल निम्मं व्हायलाच सुमारे 50 तास लागतात. अ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल वाढणं) नसलेला पेशंट फोमेपिझोलवर तेवढे दिवस निघतो. इथेनॉलवर तेवढे दिवस काढायचे तर आयसीयूची खाट अडते.

पीएच 7.15 किंवा खाली, नजर गेलेली, फिट्स, बेशुद्धी: यात उतारा कुठलाही असो, डायलिसिस हवंच. रेफर करायचं तर बायकार्ब (आम्ल उतरवायला) आणि फोलिनिक अ‍ॅसिड 50 मिलिग्रॅम (फॉर्मिक अ‍ॅसिडचा निचरा व्हायला) सुरू करून, उताऱ्याचा पहिला डोस इथंच देऊन, त्याची वेळ रेफरल चिठ्ठीवर ठळक लिहून.