सोलापुरातली ड्रिफ्टिंग स्पर्धा: गाडीवाले एक नंबर, माइकवाल्याने घोळ घातला

सोलापुरात गाड्यांची कसरत म्हणजे गड्ड्याच्या जत्रेतला मौत का कुआँ, एवढंच आपल्याला माहिती, त्यामुळे शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानात शनिवार-रविवार ड्रिफ्टिंगची, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळणं घ्यायची, स्पर्धा आहे कळल्यावर लगेच तिकीट काढलं. माझे पैसे वसूल झाले, आधीच सांगतो. पण ज्याला या खेळातलं काही माहिती नाही त्याचे अर्धेच झाले असणार, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

कारण ड्रिफ्टिंग ही रेस नाही, कोण पहिला आला हे बघायचंच नसतं. शनिवारी क्वालिफायिंग म्हणजे पात्रता फेरी, एकेक गाडी एकटी जाते आणि जज लाईन (ठरलेल्या वाटेने गेली का), अँगल (किती आडवी झाली), स्टाईल बघून मार्क देतात. माझ्या शेजारचे काका दर रनला विचारत होते, "एवढा धूर काढला की बे त्यानं, मग मार्क कमी कसे?" याचं उत्तर माइकवरून यायला पाहिजे होतं ना, पण तिथे नुसतं "सोलापूरकर, आवाज येऊ द्या!" चाललेलं. शेवटी मीच सांगितलं, काका ते वळणाच्या आतल्या बाजूला शंकू ठेवलेत ना, तिथून गाडीचं नाक अगदी जवळून न्यायचं आणि बाहेरच्या बाजूला जी पट्टी आखलीय ती मागच्या बंपरने भरायची, तिथं लांबून गेला की मार्क गेले, धूर कितीही निघू दे. मग काकांना पण मजा यायला लागली, नंतर तेच आजूबाजूच्यांना सांगत होते.

रविवारी टॅन्डम म्हणजे जोडीची फेरी, आणि खरा खेळ हाच. दोन गाड्या एकदम सुटतात, पुढची लीड, मागची चेस, मग अदलाबदल. लीडवाल्याने आपली लाईन चोख धरायची आणि चेसवाल्याने त्याला चिकटून तसंच आडवं जायचं, त्याने जिथे गाडी टाकली तिथेच याने टाकायची, जरा उशीर झाला की एक तर अंतर पडतं नाहीतर सरळ दारात धडक. एक जुनी बीएमडब्ल्यू ई ३६ होती, पुढचा बंपर केबल टायने बांधलेला, ती समोरच्याच्या दारापासून हातभर अंतर ठेवून अख्खं वळण गेली, सगळे उभे राहिले. जजना पण निकाल देता येईना, म्हणून दोघांना पुन्हा पळवलं.

पिटमध्ये, म्हणजे गाड्यांची दुरुस्ती चालते तिथे, सोडत होते हे फार छान केलं. मागचे टायर हात लावून बघितले, नक्षी साफ गेलेली, कडेच्या तारा बाहेर आलेल्या, आणि पोरं जॅक लावून पटापट दुसरे चढवतायत. एका मेकॅनिकने सांगितलं डिफ (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा भाग) वेल्ड केलाय, म्हणजे मागची दोन्ही चाकं सारखीच फिरतात, एकच चाक नुसतं गरगरत बसत नाही. म्हणजे ड्रिफ्टला ताकद मागच्या चाकांना लागते; आपल्या स्विफ्टसारख्या गाडीत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते, हँडब्रेक ओढला की मागून एकदा घसरते आणि संपलं. हे मुद्दाम लिहितोय कारण सुटल्यावर बाहेर रस्त्यावर पोरं तेच करायला लागली होती आणि गेटवर आयोजकांचा एक माणूस नाही, हे अजिबात चालणार नाही.

आतली सेफ्टी मात्र चोख, सिमेंटचे ब्लॉक, मग मोकळी जागा, मग जाळी, अॅम्ब्युलन्स आणि अग्निशमनची गाडी समोरच उभी. सावलीचं काहीच नाही पण, मंडप फक्त व्हीआयपींना, बाकीचे उन्हात. पिण्याचं पाणी दुपारीच संपलं, उसाच्या रसावर दिवस काढला. लहान पोरं नेणार असाल तर त्यांच्या कानांना इअरमफ लावा, आवाज खरंच सहन होत नाही.

आणि जागा धरताना मेन स्टँडच्या मागे लागू नका. जिथे गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला पलटते तिथे उभं राहा, चेसवाला मागे पडतो तो बहुतेक तिथेच, आणि वारा पाठीमागून येतोय ना बघा, नाहीतर सगळा धूर तोंडावर येतो आणि दुसरी गाडी दिसतच नाही.