कार्पेटमधला द्राक्षरस आणि ओला-सुका व्हॅक्यूम : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मार्चमध्ये दिंडोरीहून नाशिकला परतताना म्हसरूळच्या अलीकडे एका गतिरोधकावर मागच्या सीटपुढे ठेवलेल्या कॅनचे झाकण निसटले आणि काळ्या द्राक्षांचा घरी काढलेला ताजा रस, निदान अर्धा लिटर तरी, गाडीच्या कार्पेटमध्ये मुरला. त्यानंतर पंधरा दिवसांनी घेतलेल्या ओल्या-सुक्या व्हॅक्यूम क्लीनरला आता आठ महिने होत आले आहेत. दहा लिटरची टाकी आणि सहा हजारांच्या आतली किंमत असलेली या वर्गातली यंत्रे साधारण सारखीच असल्याने मी नावाऐवजी वापराविषयीच लिहीत आहे.

पहिली चूक यंत्र येण्याआधीच झाली होती. घरी पोहोचताच मी आणि सौ.ने धुण्याची पावडर पाण्यात कालवून ब्रशने जोरात घासले, तेव्हा पाहता पाहता जांभळा डाग निळसर करडा झाला आणि तो निघतो आहे असे समजून आम्ही आणखी घासत राहिलो. काळ्या द्राक्षांच्या सालीतले अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लाल दिसते आणि अल्कलीत निळ्या-हिरव्याकडे झुकते. धुण्याची पावडर अल्कधर्मी असल्यामुळे डागाने केवळ रंग बदलला होता. घासण्याने मात्र तो हातभर पसरला. पुढे शहरातल्या एका ठिकाणी पैसे मोजून आतली सफाई करून घेतली. संध्याकाळी कार्पेट नव्यासारखे दिसले आणि चौथ्या दिवशी डाग पुन्हा जागेवर हजर झाला.

डाग असा परत का येतो हे कळले ते दाराखालची प्लॅस्टिकची पट्टी काढून कार्पेटची कड उचलून पाहिल्यावर. वरच्या केसाळ थराखाली बोटभर जाडीचा नमद्यासारखा थर होता आणि तो पिळून पाणी निघेल इतका ओला होता. वरचा भाग वाळू लागला की दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे खालचे पाणी तंतूंमधून वर चढते आणि विरघळलेला रंग पृष्ठभागावर सोडून उडून जाते. म्हणजे औषध कोणतेही वापरा, खालचे पाणी ओढून काढले नाही तर सगळी मेहनत वाया जाते, आणि हे यंत्र घेण्याचे खरे कारण तेच आहे.

एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग पाणी फवारल्यावर करडा डाग पुन्हा गुलाबी झाला, हे पाहून मला शाळेतल्या लिटमस कागदाची आठवण झाली. दहा मिनिटांनी ओढून घ्यायचे, साधे पाणी फवारायचे, पुन्हा ओढायचे, असे पाच वेळा केल्यावर टाकीतले पाणी जवळजवळ स्वच्छ आले. उरलेल्या छटेसाठी औषधाच्या दुकानातले ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड तितक्याच पाण्यात मिसळून ३ टक्क्यांचे केले आणि आधी सीटखाली, दिसणार नाही अशा जागी, लावून पाहिले, कारण ते कार्पेटचा मूळ रंगही उडवू शकते. व्हिनेगर पूर्ण धुऊन काढल्याशिवाय पेरॉक्साइड वापरू नये. दोन्ही एकत्र आले की त्रासदायक आम्ल तयार होते. शेवटी पांढरा जुना पंचा दुमडून त्यावर दोन विटा ठेवून रात्रभर सोडले, तेव्हा वर येणारा रंग कार्पेटऐवजी पंच्याने घेतला.

जूनमध्ये घोटीला घेतलेला चहा सांडला, तो प्रकार वेगळा होता. दुधातली प्रथिने गरम पाण्याने तंतूंना घट्ट चिकटतात, म्हणून थंड पाण्याने सुरुवात केली आणि नंतर एन्झाइम असलेले द्रावण अर्धा तास मुरू दिले. डाग एका दिवसात गेला, आंबूस वास जायला आठवडा लागला. भर पावसाळ्यात दारे उघडी ठेवून कार्पेट वाळत नाही. काचा बंद करून वातानुकूलन चालवणे आणि नंतर पायाशी टेबल फॅन लावणे अधिक उपयोगी ठरले. कोला सांडली तेव्हा कोमट पाण्यावरच भागले.

यंत्राविषयी तक्रारी आहेतच. आवाज इतका आहे की सोसायटीत दुपारी दोन ते चारमध्ये ते लावायची सोय नाही. वायर तोकडी असल्याने पार्किंगमध्ये एक्स्टेन्शन बोर्ड लागतो, आणि पाणी फवारण्याची सोय नसल्यामुळे बागेतला फवारा वेगळा घ्यावा लागला. पाणी ओढण्यापूर्वी कापडी फिल्टर काढून स्पंजाचा चढवायचा असतो. माहितीपत्रकातली ही ओळ मी वाचलीच नव्हती, त्यामुळे पहिला फिल्टर चिखल होऊन गेला. टाकी वापरल्या दिवशीच धुतली नाही तर पुढच्या वेळी ओल्या पोत्यासारखा वास येतो. सपाट, अरुंद तोंडाचा जोड मात्र उत्तम आहे; तो दाबून सावकाश मागे ओढला तर खालच्या थरातले पाणीही येते, भराभर फिरवला तर केवळ वरचे.

पुढच्या सीटखाली काम करताना पिवळे कनेक्टर दिसले तर तिथे पाणी अजिबात फवारू नये, कारण ते एअरबॅगचे असतात. माझ्या गाडीत सीटच्या रुळाच्या बोल्टपाशी रुपयाएवढा निळसर ठिपका अजून आहे; तिथे यंत्राचे तोंड पोहोचत नाही, आणि त्यासाठी सीट उतरवण्याची माझी तयारी नाही.